अक्काआत्याची रजिस्टरं

पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

काल रात्री फोन ठेवला आणि मग झोपच लागली नाही. बाबा, तुम्ही म्हणालात "माझ्यापायी अक्काचं आयुष्य गेलं गं, आणि मला तिला शेवटचं बघताही आलं नाही", आणि तुमचा आवाज फुटला आणि आईनी फोन घेतला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही म्हणून आता हे लिहितेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, मोबाईलवर डोळे ताणत बसू नका, आणि खुब्याला रग लागली की आडवं व्हा, उरलेलं संध्याकाळी वाचा.

गुरुवारी अक्काआत्याचं तेरावं झालं. माणसं बरीच आली होती, तिच्या ऑफिसातल्या दोघी रिक्षा करून आल्या, एकीला वॉकर लागतो तरी आली. पण पानं वाढत असताना जो तो एकच म्हणत होता, बिचारीनी भावंडांसाठी जन्म काढला, स्वतःसाठी म्हणून काही केलं नाही. मी ऐकून घेतलं, त्या वेळी वाद घालायची जागा नव्हती. पण बाबा, तुम्हीही तेच म्हणायला लागलात तेव्हा मात्र मला राहवेना.

बापूदादा शनिवारी परत जाणार म्हणून आम्ही दोघं सहकारनगरचं घर आवरतोय. साड्या, भांडी, आतोबांची पुस्तकं, ते सगळं झालं. मग माळ्यावरून रजिस्टरं निघाली. तुम्हाला माहितीच आहे ती रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन पाऊस मोजायची, पण ती सगळं जपून ठेवत असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. १९७६ च्या जूनपासून या ऑगस्टपर्यंत, पन्नास पावसाळे, आणि पाऊस नसेल तेव्हाही रोज ०.० लिहिलेलं. चार रकाने आखलेत, तारीख, वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि शेवटी शेरा. मी शुक्रवार दुपारपासून तो शेऱ्याचा रकाना वाचत बसलीये, जेवायचं पण लक्षात राहिलं नाही.

आधी १९६१ बद्दल बोलते कारण तुमच्या मनात सगळं तिथेच अडकलंय. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं आणि आजोबांचं बाईंडिंगचं दुकान गेलं, कागदाचा नुसता लगदा झाला होता असं तुम्हीच सांगता. तुम्ही अकरा वर्षांचे आणि ती एकोणीस, एस.पी.ला दुसऱ्या वर्षाला. कॉलेज सुटलं, दोन वर्षांनी हवामान खात्यात लागली, पगार घरात. हे सगळं खरं आहे, ती कॉलेज सुटल्याचं रडली होती हेही खरं, मला तिनी स्वतः सांगितलंय. पण तुम्ही गोष्ट तिथेच थांबवता बाबा, आणि ती तर पुढे चौसष्ट वर्षं जगली.

सिमला ऑफिसला ती नारायण पेठेतून सायकलनी जायची. लहानपणी मला वाटायचं आत्या रोज सिमल्याला जाऊन संध्याकाळी परत कशी येते, मग तिनीच सांगितलं की १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य ऑफिस सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे ते दिल्लीला गेलं पण पुणेकरांच्या तोंडातलं नाव काही गेलं नाही. तिचं काम म्हणजे देशभरच्या वेधशाळांमधून जी रजिस्टरं यायची त्यातले आकडे तपासायचे आणि कार्डांवर पंच करायचे. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण ती सांगायला लागली की आम्ही मुलं हातातला घास तसाच धरून ऐकायचो. वेधशाळेत एका पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन थर्मामीटर असतात, एक कोरडा, एकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलेलं. मलमलमधलं पाणी उडतं तसा गारवा येतो म्हणून ओल्याचा आकडा कोरड्याच्या बरोबरीचा किंवा कमी, जास्त असूच शकत नाही. कुठल्यातरी लांबच्या गावच्या रजिस्टरात तो जास्त दिसला की समजायचं, कोणीतरी न बघताच आकडा ठोकलाय. आणि मग घरात आमच्यापैकी कोणी थाप मारली की ती शांतपणे म्हणायची, "वेट बल्ब चढलाय हं." आठवतं ना?

तिला त्या कामाचा फार अभिमान होता. हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणींचं नाव घेताना तिचा आवाजच बदलायचा, १९४८ मध्ये त्या पुण्याच्या ऑफिसात आल्या आणि हवामानाची उपकरणं इथेच बनवायला लागल्या, बाहेरून आणायची गरज नाही म्हणून, आणि त्याच आवारात आपण काम करतो हे तिला खूप मोठं वाटायचं. मी एकदा सिंहगडावर तिला विचारलं होतं, कॉलेज सुटल्याचं अजून वाईट वाटतं का. पिठलं-भाकरी खात होतो आम्ही, तिनी दह्याचं मडकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तेव्हा वाटलं. मग चेरापुंजीचा पाऊस रोज हातात यायला लागला ना." एवढंच म्हणाली आणि खायला लागली.

आणि डिग्री तर तिनी घेतलीच. १९८५ च्या जूनमधला शेरा उतरवून देते: "बी.ए. झाले, सेकंड क्लास. बापूची स्कॉलरशिप हुकली, रडला. संध्याकाळी दोघांना आईस्क्रीम." त्रेचाळिसाव्या वर्षी, नोकरी करून, बहिःस्थ परीक्षा देऊन. बापूदादा हे वाचून बराच वेळ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला आईस्क्रीम आठवतं, पण त्या दिवशी तिचाही रिझल्ट होता हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

आई, तुझ्यासाठी पण आहे. १९८३: "सुधाचा बी.एड.चा फॉर्म भरला. फी मी. बाळूला सांगायचे नाही." तू हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस, बाबांना तरी सांगितलंस का? तुझं कॉलेज असायचं तेव्हा मी आतोबांच्या मांडीवर बसून पत्ते खेळायची एवढंच मला आठवतंय. तुमच्या दोघींचं आमटीत गूळ किती घालायचा यावरून दर सणाला वाजायचं, मला वाटायचं नणंद-भावजयींचं हे असंच असतं. आणि माझ्या जन्माच्या दिवशी पावसाच्या आकड्याशेजारी लिहिलंय: "भाची झाली. २ किलो ७०० ग्रॅम." मलाही मोजून ठेवलं तिनी.

डिसेंबरचे शेरे बघा, बहुतेक वर्षी "०.०. सवाई.", म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. पूर्वी रात्रभर चालायचं तेव्हा "पहाटे घरी, अंघोळ, ऑफिस." रमणबागेत भारतीय बैठकीत शाल पांघरून बसायची, थर्मासमध्ये कॉफी, डब्यात गुळपोळ्या, आणि शेजारी अनोळखी माणूस असला तरी त्यालाही पोळी द्यायची. बाबा, तुम्ही तिकिटाचे पैसे देऊ करायचात ते तिनी एकदाही घेतले नाहीत, सवाईचं तिकीट ती स्वतःच्याच पैशाचं काढायची. रविवारी सिंहगड, ६८ वर्षांची होईपर्यंत पायथ्यापासून चालत. गुडघे गेल्यावर मग पर्वती, मग नुसती गच्ची. स्वतःसाठी काही केलं नाही म्हणतात लोक. बाबा, मला माफ करा पण तुमचाही वेट बल्ब चढलाय.

तिचं ते पाऊस मोजायचं नरसाळं मी माझ्याकडे आणलंय. तोंड बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे बाटलीत १० मिलिलिटर पाणी साठलं की १ मिलिमीटर पाऊस झाला, हे गणित तिनी मला चौथीत शिकवलं होतं आणि अजून डोक्यात पक्कं आहे. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, त्यातला थेंबन्‌थेंब तिनी मोजला. २५ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र, आंबिल ओढ्याला पूर आला, खाली गाड्या वाहून जात होत्या आणि आम्ही तिला फोनवर फोन करतोय, तर ही ७७ वर्षांची बाई छत्री घेऊन गच्चीवर. शेरा आहे: "बाटली भरली, मोजून रिकामी केली, परत लावली. खालच्या मजल्यावरची मंडळी वर आमच्याकडे, चहा दोनदा. पानशेत आठवले." पुराच्या आठवणीत त्या रात्री तिनी नऊ माणसं घरात घेतली होती, हे मला खालच्या वहिनींनी तेराव्याला सांगितलं.

शेवटच्या दोन वर्षांत अक्षर बदलतं. तिचं लटपटतं, मग मध्येमध्ये मावशींचं. सांभाळायला येणाऱ्या मावशींना तिनी सगळं शिकवलं होतं, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचायचं, वरून नाही. ३० ऑगस्टला सकाळी ती गेली तेव्हाही त्या वर जाऊन वाचून आल्या, आणि ३१ पासून आजपर्यंत रोज नोंद आहे, कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आजींनी सांगितलं होतं खाडा करायचा नाही." उद्यापासून मी.

बाबा, १९६७ ची भाऊबीज तुम्हीच आम्हाला शंभर वेळा सांगितलीये. तुम्हाला सीओईपीला इंजिनिअरिंगची ॲडमिशन मिळाली होती, ओवाळणी तुम्ही घालायची तर तिनीच ताटातून तुमच्या हातात आकडेमोडीचा स्लाइड रूल ठेवला, जुन्या बाजारातून आणलेला. तो अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही ते कर्जासारखं जपलंत. पण तिच्या पन्नास वर्षांच्या शेऱ्यांमध्ये मला कुठे हिशोब सापडला नाही, मी शोधत होते खरंतर. "बाळूला प्रमोशन." "बाळूने गाडी घेतली, पर्वतीपर्यंत फिरवून आणले." "बाळूची शुगर वाढली, भात बंद." सगळीकडे तुम्ही आहात, पण एखाद्या जिल्ह्याचा पाऊस असावा तसे, म्हणजे तिच्या रोजच्या बघण्यातले.

फक्त एका ठिकाणी मला कळलं नाही. १९८८ च्या मे महिन्यात ओळीनी अकरा दिवस "०.०. बाळूशी बोलणे नाही" असं आहे. बाराव्या दिवशी "०.०. बाळू आला. आमरस. जेवून झोपला इथेच." हे काय होतं बाबा? बापूदादालाही माहीत नाही. उद्या फोन करा आणि सांगा, पण साडेआठनंतर करा, साडेआठला मी गच्चीवर असेन.

तुमची,
मनू