गुडघ्यातली गादी वाचवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑगस्टमध्ये माझी १६ वर्षांची मुलगी लंगडत तुमच्याकडे आली, तेव्हा दुखण्याला दीड महिना झाला होता. खो-खो खेळताना खांबाजवळ पाऊल रोवलेलं राहिलं आणि अंग वळलं. आधी दाखवलं तिथे एक्स-रे पाहून 'लचक आहे' म्हणाले, गोळ्या दिल्या. पण गुडघा मधूनच अडकायचा, झटकल्याशिवाय सरळ व्हायचा नाही.

"पडलीस कशी ते राहू दे, पाऊल कुठे होतं ते सांग," इथून तुम्ही सुरुवात केलीत. सांध्याच्या फटीवर अंगठ्याने दाबलंत तशी ती कळवळली. मग गुडघा पुरता दुमडून, पाऊल फिरवत हळूहळू सरळ केलात. आतून झालेला 'कट्' आवाज मलाही ऐकू आला. एक्स-रेत हाडं दिसतात, त्यांच्यामधली मऊ गादी दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. एमआरआयमध्ये तेच निघालं जे तुमच्या हाताला आधी लागलं होतं.

केस पेपरच्या मागे तुम्ही गुडघ्यातल्या गाद्यांच्या दोन चंद्रकोरी काढल्यात आणि त्यांची बाहेरची कड लाल पेनाने गिरवलीत. "रक्त इथवरच पोचतं. हिची गादी याच कडेला फाटली आहे, म्हणून टाके घालून बघता येईल."

खरं सांगतो, मला फाटलेला तुकडा काढून टाकणंच बरं वाटत होतं. पोरगी लवकर मैदानावर गेली असती. टाके म्हणजे कुबड्या, पट्टा, सहा महिने खेळ बंद, आणि जुळेलच याची खात्री नाही. यातलं काहीच तुम्ही लपवलं नाहीत. गादी गेली की हाडांवर भार येतो, गुडघा वयाआधी झिजतो, हेही सांगितलंत. माझी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. तरी घरी हिच्या आईनेच निकाल दिला, "रफू होत असेल तर कापायचं कशाला?"

दुर्बिणीचं ऑपरेशन लवकर आटोपलं. जड गेले ते नंतरचे सहा आठवडे. नव्वद अंशांपुढे गुडघा वाकवायचा नाही, म्हणून ती रडायची. तुम्ही दर वेळी तिची खेळाची वही मागून बघायचात, मॅडम. ते मी विसरणार नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ती होम मैदानावर मैत्रिणींबरोबर संध्याकाळभर फिरली. परवा सरावाला चौकोनात उकिडवी बसली, खो मिळताच उठली. मी कुंपणाबाहेर उभा होतो, हात कधी जोडले गेले कळलं नाही.

तो लाल रेघेचा कागद तिच्या वहीत आहे. पुढच्या तपासणीला आणते म्हणाली.

आपला ऋणी,
एका खो-खो खेळाडूचा बाप, सोलापूर