धातूच्या गिटारसाठी काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात गिटारच्या तारा बदलल्या. तुम्ही बजावल्याप्रमाणे एक तार काढून तिथे नवी चढवली आणि मगच दुसरीला हात लावला, कारण आतला अ‍ॅल्युमिनियमचा शंकू कुठेही चिकटवलेला नसतो, केवळ तारांच्या दाबाने तो आपल्या जागी बसलेला असतो, आणि सगळ्या तारा एकदम सोडल्या की तो सरकतो, हे तुमच्याकडूनच मला समजले होते. तारा चढवता चढवताच हे पत्र लिहायचे ठरवले. आपले नाव कुठे येऊ नये अशी तुमची इच्छा आहे, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र जाहीर लिहीत आहे, कारण स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवरून घसरवत, वाजवण्यासाठी धातूची रेझोनेटर गिटार (आतल्या शंकूमुळे आवाज मोठा होणारी गिटार) हवी आहे पण हाताशी पैसे बेताचेच आहेत, अशा स्थितीतल्या आणखी कोणाला तरी तुमचे मार्गदर्शन उपयोगी पडावे असे मला मनापासून वाटते.

स्लाइडची ओढ मला लहानपणापासून आहे. पुण्यात आमच्या घरी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात व्हॅन शिपले यांच्या हवाईयन गिटारवरची चित्रपटगीते लागत, आणि तारेवरून घसरत जाणारा तो स्वर ऐकला की मी हातातले काम सोडून उभी राहत असे. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार ऐकली आणि मींड या वाद्यावर किती सहज येते ते कळले. हवाईयन गिटार वाजवणारे टाऊ मो चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होते, हे तर तुमच्या तळघरात बसून चहा पिताना तुम्हीच मला सांगितलेत. न्यू जर्सीला आल्यावर डेल्टा ब्लूज ऐकू लागले, आणि तीच घसरण एका खणखणीत, किंचित खरखरीत आवाजात ऐकल्यावर आपल्याला धातूचीच गिटार हवी, हे मनात पक्के झाले.

घाई झाली ती तिथे. चकाकणारी, पोलादी अंगाची, नवी कोरी गिटार मी छायाचित्रे पाहून मागवली. ती आली आणि तिसऱ्या तारेपासून खालच्या सगळ्या तारा झणझणू लागल्या. मी ती तुमच्याकडे आणली, तेव्हा तुम्ही ती वाजवून पाहण्याआधी नेकच्या (दांडीच्या) फ्रेटवर, म्हणजे तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, स्टीलची लांब पट्टी ठेवून तिचे टोक ब्रिजच्या (शंकूवर तारांना आधार देणाऱ्या भागाच्या) कुठे येते ते पाहिले. मग तारा सैल केल्या, झाकणाचे स्क्रू एकेक काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने स्टीलच्या ताटलीत मांडले, आणि शंकूवर दोन बोटांचा हलका दाब देऊन त्याच्या काठाखाली वर्तमानपत्राची अरुंद पट्टी सरकवत पूर्ण फेरी मारली. बाकी सगळीकडे कागद अडत होता. एका ठिकाणी मात्र तो सुळकन आत गेला. "इथे काठ टेकलेलाच नाही, आणि नेकचा कल कमी असल्यामुळे तारा सॅडलवर, ब्रिजच्या त्या टेकतात त्या कडेवर, दाबतही नाहीत. वाजणार कशाने?" असे तुम्ही शांतपणे म्हणालात. शंकू बदलता येतो, पण नेकचा कल सुधारायला गिटारच्या किमतीहून अधिक खर्च येईल, तेव्हा परतीची मुदत आहे तोवर ती परत कर, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. ते ऐकून मला वाईट वाटले होते, हे तुम्हाला दिसलेच असेल. आज त्या स्पष्टपणाबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही कागदावर तीन आकृत्या काढून दिल्यात, त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. पहिल्या आकृतीत तीन छोटे शंकू आणि त्यांना जोडणारा टी-आकाराचा ब्रिज होता. लॉस एंजेलिसमध्ये आजच्या स्लोव्हाकियातून आलेल्या जॉन डोपयेरा यांनी जॉर्ज बीचम या हवाईयन गिटार वाजवणाऱ्या कलाकाराच्या मागणीवरून ही रचना केली, कारण विजेचे अ‍ॅम्प्लिफायर हाताशी नव्हते आणि वाद्यवृंदात गिटारचा आवाज बुडून जात असे. नॅशनल कंपनीने ती 1927 साली बाजारात आणली. तिचे अंग जर्मन सिल्व्हरचे होते हे ऐकून मला आजीच्या फडताळातली भांडी आठवली. तांबे, जस्त आणि निकेलच्या त्या मिश्रधातूत नावाला चांदी असते, प्रत्यक्षात नसते. दुसऱ्या आकृतीत साडेनऊ इंचांचा एकच शंकू पालथ्या वाटीसारखा बसवलेला होता आणि त्याच्या माथ्यावर लाकडाची चकती होती, जिला वादक बिस्किट म्हणतात. तिसऱ्यात शंकू उताणा होता आणि त्यावर आठ पायांचा धातूचा कोळी टेकलेला होता. डोब्रो नावाने प्रसिद्ध झालेली ही रचना बहुधा लाकडी अंगात बसवतात, तिचा स्वर जास्त वेळ रेंगाळतो आणि ब्लूग्रास वाजवणाऱ्यांना ती हवी असते. मला हवा असलेला, झटकन उठणारा आणि झटकन विरणारा आवाज पालथ्या वाटीचा, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगले.

पैशांचा विषय मी संकोचाने काढला, तेव्हा तुम्ही ड्युओलियनची हकिकत सांगितलीत. महामंदीच्या सुरुवातीला, 1930 साली, नॅशनलने साध्या पोलादी पत्र्याच्या अंगाची, वर दाणेदार रंग दिलेली ही स्वस्त गिटार काढली, आणि बुका व्हाइट यांच्यासारख्या ब्लूज वादकांनी जो आवाज जगाला दिला तो तिच्यातूनच दिला. आज कॅलिफोर्नियात नव्याने बनणाऱ्या नॅशनल गिटारची किंमत तीन हजार डॉलरच्या वर जाते आणि ती माझ्या आवाक्याबाहेर आहे. पण ज्या वाद्याचा सर्वांत जिवंत आवाज त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यातून आला, ते वाद्य कमी पैशांत घेताना खंत कशाची, हा तुमचा प्रश्न मला फार आधार देऊन गेला.

पुढचे चार शनिवार तुम्ही माझ्याबरोबर दुकाने फिरलात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने साडेतीन-चार किलोचे धातूचे वाद्य पुन्हा पुन्हा मांडीवर घेऊन तपासावे, हे लहान काम नव्हे. ग्रेच कंपनीची हनी डिपर, रिगलच्या निकेल चढवलेल्या गिटार, रेकॉर्डिंग किंगची आरएम-998, अशा हजार डॉलरच्या आतल्या गिटार आपण पाहिल्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवायची, मग स्लाइड बाराव्या फ्रेटच्या बरोबर डोक्यावर धरून वाजवायची, मग पाठीवर बोटांच्या पेरांनी ठोकून आतला एखादा स्क्रू बोलतो का ते ऐकायचे, हा तुमचा क्रम कधी चुकला नाही. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची असेल तर चौकोनी नेक, आणि माझ्यासारखी उभी धरून, मधूनमधून बोटांनी तार दाबत वाजवायची असेल तर गोल नेक, एवढे तुम्ही एका वाक्यात संपवलेत. पितळेचा आवाज जरा भरीव आणि पोलादाचा जरा धारदार, हेही सांगितलेत, पण शब्दांवर न थांबता दोन्ही गिटार एकापाठोपाठ, माझी पाठ तुमच्याकडे असताना, वाजवून दाखवल्यात.

अखेर मिळाली ती वापरलेली आरएम-998. अंग पितळेचे, निकेल जागोजागी मंद पडलेले, पाठीवर अंगठ्याएवढा पोचा. मी त्या पोच्याकडे पाहून मागे सरले होते. तुम्ही मात्र त्याच्याभोवती टिचकी मारून कान लावलात आणि म्हणालात, "लहानपणी तांबट आळीवरून शाळेत जायचो. पत्रा फाटला की आवाजच सांगतो. हा नुसता दबलाय. पोचा शंकूला असता तर मी तुला घेऊ दिली नसती." झाकण काढून शंकू पाहिला, कागदाची पट्टी फिरवली, ती कुठेही आत गेली नाही. नेक सरळ होता, तारांचा सॅडलवरचा दाब पुरेसा होता. जुन्या मालकाने लावलेल्या बारीक तारांमुळे आवाज दबला होता, म्हणून तुम्ही 13 ते 56 च्या (इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या) जाड तारा लावायला सांगितल्यात, नटच्या (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा त्या मानाने रुंद करून दिल्यात आणि बाराव्या फ्रेटवर तारांची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवलीत, म्हणजे स्लाइड फ्रेटवर आपटत नाही आणि बोटांनाही फार त्रास होत नाही. त्या दिवशी तारा ओपन जीमध्ये (मोकळ्या छेडल्या की जी मेजर वाजेल अशा) जुळवून तुम्ही पहिल्यांदा छेडल्यात, तेव्हा तो आवाज माझ्या पोटाला लागून असलेल्या पितळेतून मला ऐकू येण्याआधी जाणवला.

आणि ती स्लाइड! बाजारात माझ्या करंगळीच्या मापाची मिळेना, म्हणून पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या तुमच्या हातांनी पितळी नळीचा साठ मिलिमीटरचा तुकडा कापला, व्हर्नियरने माझी करंगळी दोनदा मोजली, घरच्या छोट्या लेथवर नळी आतून कातून घेतली आणि दोन्ही कडा गुळगुळीत केल्या. त्या बदल्यात काही घ्यायला तुम्ही तयार झाला नाहीत. स्लाइडच्या मागची बोटे तारांवर हलकेच टेकवून अनाहूत गुंजन थांबवायला मला तीन महिने लागले. अजूनही यमनातल्या तीव्र मध्यमावरून पंचमावर जाताना हात किंचित पुढे जातो, कारण इथे जागा फ्रेट दाखवतात पण स्वर कानालाच पकडावा लागतो. तुम्ही दर वेळी फक्त "पुन्हा" एवढेच म्हणालात आणि डोळे मिटून ऐकत राहिलात.

हिवाळ्यात घरातली हवा कोरडी पडली की लाकडी नेक थोडा हलतो, म्हणून जानेवारीत एकदा गिटार तपासायला आणायची, असे आपले ठरले आहे. मी दुसऱ्या शनिवारी येईन. येताना तुमच्या आवडीचे डिंकाचे लाडू आणीन, आणि मागच्या खेपेला काकूंसाठी सुरू करून अर्धवट राहिलेली चाल या वेळी शेवटपर्यंत वाजवून दाखवीन. तुम्ही दोघांनी दिलेला वेळ, विद्या आणि माया यांबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपली नम्र,
तळघरातली शनिवारची विद्यार्थिनी
एडिसन, न्यू जर्सी