झेनच्या इंजिनाखालचे दोन डाग: उस्तादांना आभाराचं पत्र

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या अंबड आणि सातपूरमधल्या गॅरेजांत जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या आम्हा काही जणांकडून हे पत्र. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती झेनच्या कामात तुम्ही दोन दिवस शेजारी उभे राहिलात आणि तपासणी पुरी होईपर्यंत एकाही बोल्टला पाना लावू दिला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवतोय, कारण तुम्ही दाखवलेली पद्धत आणखी हातांपर्यंत पोचायला हवी.

टायमिंग कव्हरच्या (टायमिंग बेल्टवरच्या झाकणाच्या) खालच्या कोपऱ्यात तेल आणि हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, एकत्र दिसलं की बहुतेक ठिकाणी थेट "हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलं" असा निकाल लागतो. तुम्ही आधी इंजिन धुवायला लावलंत. इंजिन गार असताना डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग), अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधायचं, डिझेल आणि ब्रशने काळा थर सोडवायचा, साबणाच्या पाण्याने धुऊन हवा मारायची. पूर्ण वाळलं की सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची. पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यांत वरची ओली जागा गाठायची. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकून त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करायची तुमची सवय तर आम्ही लगेच उचलली. सकाळी ठिपका इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला ते मोजूनच कळतं.

पाण्याच्या गळतीसाठी तुम्ही प्रेशर टेस्टर मागवलात. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ बार असा आकडा होता. गार इंजिनात तेवढाच दाब भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काटा पाहायचा. काटा उतरत गेला आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब आला. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर पडतं. काही ठिकाणी ते भोक सिलिकॉनने बुजवलेलं आम्ही पाहिलंय. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, पंप आवाज करतो आणि शेवटी जाम होतो. भोकाभोवती वाळलेली हिरवी-पांढरी खपली दिसली तरी पंप बदलायचा.

एवढं सापडल्यावरही तुम्ही हेड गॅस्केटची शंका तशीच सोडली नाहीत. निळ्या द्रावाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून, इंजिन चालू ठेवून, रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली. जळलेला वायू पाण्यात येत असता तर निळा रंग पिवळा झाला असता. तो निळाच राहिला. तेल भरायच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय होती, त्यावर तुमचं सांगणं आम्हाला फार मोलाचं वाटलं. थंडीत गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली तर इंजिन नीट तापत नाही, आतल्या वाफेचं झाकणाखाली पाणी होतं आणि तेलात मिसळून अशी साय धरते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आहे का, आणि रात्रभर उभ्या गाडीचा तेल काढायचा ड्रेन बोल्ट सैल केल्यावर आधी पाणी येतं का, हे पाहूनच बोलायचं. दोन्ही ठीक निघालं. हेड उतरवायचा मोठा खर्च त्या गाडीवाल्याचा वाचला.

तेलाच्या जागा दोन निघाल्या. एक कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) पुढचं सील, टायमिंग कव्हरच्या आत. दुसरी डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला हेडवर बसतो, त्यामुळे तिथलं तेल गिअरबॉक्सच्या सांध्यावर ठिबकतं आणि क्रँकचं (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेल्यासारखं दिसतं. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ओ-रिंग मात्र थोड्या वेळात बदलते: डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर रेघ मारून घ्यायची, म्हणजे बसवताना ठिणगीचं टायमिंग हलत नाही. तरीही शेवटी टायमिंग लाइटने तपासायचंच.

सील का गेलं, हा प्रश्न तुम्ही विचारलात आणि आम्ही सगळे गप्प झालो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायू बाहेर ओढू देणारा छोटा व्हॉल्व्ह) काढून हलवला तर तो खडखडला नाही, चिकटून बसला होता. पिस्टन रिंगांजवळून खाली उतरणाऱ्या वायूला वाट मिळाली नाही की क्रँकभोवतीच्या तेलाच्या चेंबरमधला दाब वाढतो आणि तो तेलाला सर्वांत कमजोर सीलमधून ढकलतो. व्हॉल्व्ह आणि त्याची नळी न पाहता नवं सील टाकलं असतं, तर तेही थोड्या दिवसांत गळलं असतं. तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला ठेवून तेलाच्या भोकावर कागद धरायचा. तो हलका आत ओढला गेला तर ठीक, बाहेर फेकला गेला तर वाट बंद आहे किंवा रिंगा झिजल्यात.

वॉटर पंपापर्यंत पोचायला या इंजिनात टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. म्हणून पंप, बेल्ट, टेन्शनर, कॅम सील आणि क्रँकचं पुढचं सील हे सगळं एकाच वेळी करायचं ठरलं. तेल आणि कूलंट पिऊन फुगलेला बेल्ट पुन्हा चढवायचा नाही, यावर तुम्ही ठाम होतात. जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक शाफ्टला लागलं तर ओरखडा पडतो आणि नवं सीलही गळतं. नखाने शाफ्टवर खाच जाणवली तेव्हा तुम्ही नवं सील जुन्या जागेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवायला सांगितलंत, म्हणजे सीलचा ओठ (आतली रबरी कड) कोऱ्या भागावर टेकतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला तेलाचं बोट, आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या सॉकेटने सरळ ठोकायचं. टॅपेट कव्हरला नवं रबर, सिलिकॉनचा ठिपका फक्त कोपऱ्यांत. जास्त सिलिकॉन आत दबून सुटतं आणि तेलाच्या जाळीत अडकतं, ही गोष्ट आमच्यातल्या अनेकांना नव्याने कळली.

बेल्ट खुणांवर बसवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, खुणा पुन्हा जुळल्या की मगच टेन्शनरचा बोल्ट कसायचा. पॅकिंगची जागा खरवडायला पोलादी पट्टी नको, ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे.

कूलंटबद्दल थोडं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट मिसळलं की आणखी आठ-दहा अंश वर. कसारा घाट चढताना हाच फरक उपयोगी पडतो, म्हणून ढिलं झाकण स्वस्तातलं असलं तरी आधी बदलायचं. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतो, तेव्हा बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. निघालेलं कूलंट बादलीत मोजायचं आणि नवं किती बसलं त्याच्याशी ताडायचं. कमी बसलं तर आत हवा अडकली आहे. ती काढायला हिटर पूर्ण गरमवर, गाडीचं तोंड चढावर, वरचा होस पाइप दाबत राहायचं, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्ही साफ नाकारलात: इंजिन नेहमी गार राहिलं तर पेट्रोल जास्त जळतं आणि तेलात गाळ साचतो.

होस पाइपच्या क्लिपांवरचं तुमचं म्हणणंही इथे लिहून ठेवतो. जानेवारीच्या पहाटे पाणी ठिबकतं आणि इंजिन तापलं की थांबतं, असं असेल तर क्लिप सैल आहे. गारठ्यात रबर आणि नळी दोन्ही आकसतात. क्लिप जरा कसायची, पण पाइपात रुतेपर्यंत नाही.

जुनं कूलंट गटारात ओतू न देता डब्यात बंद करून ठेवायला लावलंत, यासाठी वेगळे आभार. ते चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि मरतात. शिवाय आपल्या नाल्यांचा शेवट गोदावरीतच होतो.

झेन कसारा घाट उतरून पुन्हा चढून आली. त्या रात्रीचा पुठ्ठा कोरडा आहे, चाकांच्या खुणांसकट. तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा टाकू आणि तोही दाखवायला घेऊन येऊ.

आपले नम्र,
अंबड-सातपूरचे गॅरेजवाले