तिसरी ओळ आईंसाठी ठेवणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर तुम्ही ते न उघडताच खिशात घातलं असतंत आणि "आईंची आजची ओळ झाली का?" असं विचारून विषय बदलला असतात. म्हणून चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळू दे.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, फिजिओथेरपीसाठी मुलगी घरी यायला लागली, रात्रीच्या सोबतीचीही सोय झाली. पण पहाटे दूध आणण्यापासून मंडईत घासाघीस करण्यापर्यंत जिचा दिवस रस्त्यावरच सुरू व्हायचा, त्या बाईला आता पंख्याकडे बघत पडून राहायचं होतं. भेटायला आलेले लोक "आता आराम करा" म्हणायचे. आई मान हलवायच्या. हळूहळू त्या बोलेनाशा झाल्या. टीव्ही लावला की भिंतीकडे तोंड फिरवायच्या. मला घरात पाऊल टाकायची धास्ती वाटायला लागली होती, काका. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा हातात पोस्टकार्डाएवढा एक फोटो होता. मागे पेन्सिलीनं दोन ओळी, आणि तिसऱ्या ओळीच्या जागी नुसती रेघ. "तिसरी काही सुचत नाहीये. उद्या सकाळी न्यायला येतो," एवढं म्हणून चहासुद्धा न घेता गेलात.

स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्तानं नवी मुंबईतल्या भिंती, उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग रंगवले गेले, ते मी रोज बसच्या खिडकीतून बघत होते. बघत होते म्हणजे डोळ्यांसमोरून जात होतं, इतकंच. तुमच्या फोटोतल्या खांबावर हिरव्या लुगड्यातली कोळीण रंगवलेली होती, आणि तिच्या पायाशी, खांबाच्या सावलीत, खरीखुरी मासे विकणारी मावशी बसलेली. तुमच्या ओळी होत्या:

भिंतीवर एक कोळीण,
भिंतीखाली एक कोळीण —

आई दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री मला हाक मारून म्हणाल्या, "लिही गं: माशा खालच्या पाटीवरच." आणि मग, "ही सारसोळे गावची असणार. मी हिच्याकडूनच बोंबील घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती ओळ वाचलीत. "वा" म्हणाला नाहीत, कौतुक केलं नाहीत. दुसरा फोटो पुढे केलात. त्याबद्दल मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. आजारी माणसाची करमणूक करायला पुष्कळ जण येतात. तुम्ही आईंना काम दिलंत, आणि ते वेळेवर मागायलाही आलात.

मग फ्लेमिंगोंची पाळी आली. आमच्या नेरूळमध्ये भिंतीभिंतीवर फ्लेमिंगो. तुम्ही मुद्दाम दोन फोटो जोडीनं आणलेत, एक भिंतीवरच्या पक्ष्याचा आणि एक टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेजवळच्या पाणथळीतल्या खऱ्या पक्ष्याचा. आईंनी चष्मा पुसून दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि म्हणाल्या, "ह्याचा गुडघा उलटा आहे." त्या दिवसांत सांधा कुठे आणि कसा वाकतो हे त्यांच्याइतकं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवरचा पक्षी आपल्यासारखा पुढे गुडघा काढून उभा होता, खऱ्याचा पाय मागे वाकलेला. तुम्ही सांगितलंत की आपण ज्याला गुडघा म्हणतो तो मुळात त्याचा घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. आईंनी हे फिजिओथेरपीच्या मुलीला ऐकवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं सांगितलेले सगळे व्यायाम कुरकुर न करता केले.

त्यानंतर प्रश्नांना खळ नव्हता. हे गुलाबी कसे? खाण्यातून, पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून आणि बारीक जिवांतून. पिल्लं तर करडीच असतात. मग भिंतीवर करडं पिल्लू एकही का नाही? ह्याचं उत्तर तुमच्याकडेही नव्हतं. ठाणे खाडीतलं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, हे मला तुमच्या फोटोमागच्या टिपणातून कळलं. ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधलं. आमची नेरूळची तळी त्याच्या हद्दीबाहेरची. पण भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी विसाव्याला इथेच येतात, आणि ओहोटी लागली की परत चरायला खाडीत. म्हणून या तळ्यांमध्ये भरतीचं पाणी येत-जात राहायला हवं, हे तुम्ही पोटतिडकीनं सांगायचात. आता आई तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, तुमच्याहून चढ्या आवाजात.

त्या जोडफोटोमागची कविता मी फ्रिजवर चिकटवली आहे:

ओहोटीचा चिखल,
हजार चोची पाण्यात —
वर बघायला कुणाला वेळ!

एकदा आईंनी विचारलं, "ह्याला कविता म्हणतात का? यमक तर नाही." तुम्ही कवयित्री शिरीष पै यांचं नाव घेतलंत, हायकू हा तीन ओळींच्या कवितेचा जपानी प्रकार मराठीत त्यांनी कसा रुजवला ते सांगितलंत. जपानीत ओळींमध्ये पाच-सात-पाच अक्षरांचा हिशेब असतो, पण "तुम्ही मोजू नका, दिसलं ते लिहा," असं म्हणालात. ज्यांनी उभ्या जन्मात दूध-किराण्याच्या हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही, त्या आईंना हे एकदम पटलं. हिशेबाच्याच वहीच्या मागच्या पानांवर त्या लिहायला लागल्या, स्वतःच्या हातानं.

आणि मग तुम्ही तीन-चार दिवस गावाला गेलात. फोटो नव्हता. परत आलात तेव्हा आईंनी वही पुढे केली. समोरच्या झाडावर घारीचं घरटं चाललं होतं, ते त्यांनी पलंगावरून पाहिलं होतं:

काड्या, चिंध्या,
कुणाचा तरी मोजा —
घारीचं घर झालं.

तिन्ही ओळी त्यांच्या. तुम्ही वही किती वेळ हातात धरून उभे होतात ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं, काका. त्या दिवशी तुम्ही चहा घेतलात. आणि मग घारीचा फोटो काढायला गच्चीवर गेलात. त्यात तो मोजा स्पष्ट दिसतो, निळा, शाळेच्या गणवेशाचा.

माझंही काही बदललं, तेही लिहिते. बसमधून जाताना आता मी फोन बाजूला ठेवते. पाम बीच रस्त्याच्या कडेला तिवरांच्या मागे पाणी चढलंय की उतरलंय ते बघते, कारण घरी गेल्यावर आई विचारतात. कुठल्या रंगवलेल्या भिंतीचा पोपडा निघाला, कुठे पिंपळाचं रोप चित्रातल्या बाईच्या कानातून उगवलं, हे सांगायला माझ्याकडे रोज काहीतरी असतं. सासू-सुनेत याआधी आमचं बोलणं बहुतेक भाजीपुरतं होतं.

आई आता वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत जातात. डॉक्टरांनी गाडीत बसायला परवानगी दिली आहे. येत्या रविवारी भरती सकाळीच आहे, मी वेळापत्रक पाहिलं. आमच्या ह्यांच्या मित्राची गाडी सांगून ठेवली आहे, पुढची सीट आईंची. तुम्ही साडेसातला खाली या, कॅमेरा घेऊन. डबा मी करते. आणि पेन्सिली दोन आणा, कारण पहिल्या दोन ओळी आपणच लिहिणार असं आईंनी जाहीर केलंय. तिसरी तुम्हाला लिहायची आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सून