मा. क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र: रायफलचं बॅरल डेडस्टॉकमधून काढा

मा. क्रीडामंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खात्यात रायफलचं बॅरल कपाट-टेबलासारखं डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला लावतात, ठरलेली वर्षं भरल्याशिवाय नवीन मिळत नाही. अहो, बॅरल वर्षांनी म्हातारं होत नाही, राउंडांनी, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांनी होतं. ६.५ क्रीडमोर या काडतुसाच्या रायफलचं साधारण २ ते ३ हजार राउंडला उतरतं, .३०८ चं ५ हजारांच्या आसपास जातं, कारण काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढचा भाग, म्हणजे थ्रोट, गरम गॅसने जळत जातो. जो रोज घाम गाळतो त्याचं लवकर संपतं आणि जो रेंजवर फिरकतच नाही त्याचं वर्षानुवर्षं नवंकोरं!

अर्ज केला की उत्तर ठरलेलं, "नीट साफ करत नाही म्हणून ग्रुप उघडतोय", म्हणजे गोळ्या एका जागी न लागता पसरतायत. मान्य, तांबं साचतं. गोळीच्या जॅकेटमध्ये, म्हणजे वरच्या कवचात, साधारण ९५ टक्के तांबं असतं, बोअर, म्हणजे बॅरलची नळी, आतून खरखरीत असला की ते सोलून चिकटतं, त्यावर कार्बन, परत तांबं, असे थर बसतात. म्हणून तर चांगलं कस्टम बॅरल शिशाच्या लॅपने (घासायच्या गट्टूने) हाताने घासून गुळगुळीत करतात. पण साचलेलं तांबं अमोनियावाल्या सॉल्व्हंटने निघतं, जळलेला थ्रोट कशाने भरून येणार?

आमच्याकडे तपासणीला आलेल्या साहेबांनी बॅरलमधून सॉल्व्हंट लावलेला पॅच (कापडाचा तुकडा) फिरवला, निळा निघाला, म्हणजे तांबं आहे, लगेच "अस्वच्छ" असा शेरा. त्यांच्या रॉडला पितळी जॅग, म्हणजे पॅच धरणारं टोक, होतं. पितळेतही तांबंच असतं, ते सॉल्व्हंटने निळं होणारच, निकल चढवलेला जॅग लावून परत बघा म्हटलं तर ऐकायला वेळ नव्हता.

मला वाटतं हा नियम ५० मीटरची .२२ ची छोट्या काडतुसाची रायफल डोळ्यासमोर ठेवून केलाय. तिथे शिशाची गोळी, दाब कमी, बॅरल वर्षानुवर्षं चालतं, तांब्याचा प्रश्नच नाही. ३०० मीटर आणि पुढचा खेळ वेगळाय. ग्रुप अर्धा मिनिट (कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) उघडला तर हजार मीटरवर १५ सेंटीमीटर, म्हणजे मेडल गेलं.

तर बॅरल कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी वस्तू धरा, प्रत्येक बॅरलला राउंडची नोंदवही द्या आणि बोअरस्कोपने (नळीत आत बघायच्या दुर्बिणीने) थ्रोट बघून बदलायचं ठरवा. आणि हो, साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, तेव्हा मॅचआधी फाउलिंग शॉट, म्हणजे बॅरल परत बसवणारे हे पहिले शॉट, मारायला वेळ ठेवा, त्याला पैसेही लागत नाहीत. पुढच्या खरेदीची फाइल सहीला येण्याआधी एवढं परिपत्रक निघालं तर बरं होईल.

आपला,
एक रायफल शूटर