न जळताही झाड मरते

सह्याद्रीतील वणव्यांवरच्या आपल्या रविवारच्या लेखात, आग फक्त वाळले गवत खाते, हिरव्या झाडांना फारसा धोका नसतो, असे म्हटले आहे. ते पटले नाही. झाड मरायला ते पेटावेच लागते असे नाही. साधारण 60 अंश सेल्सियसला मिनिटभरात जिवंत पेशी मरतात. पान पेटते ते बरेच नंतर. आधी त्यातले पाणी उडते, मग 200 अंशांच्या पुढे विघटन होऊन ज्वलनशील वायू सुटतात.

उष्णताही एकसारखी नसते. दुरून लागणाऱ्या धगीत बारीक पात्याला भोवतालची हवा थंड ठेवते. अमेरिकेतील मिसूला येथील वणवा प्रयोगशाळेला बारीक काड्या पेटण्याचे खरे कारण ज्वाळेचा थेट स्पर्श हेच आढळले. चढावर तर ज्वाळा वरच्या गवतावर अक्षरशः लोळतात.

आमच्या डोंगरावर वणव्यानंतर करवंदीच्या जाळ्या हिरव्याच होत्या. चौथ्या दिवशी पाने तपकिरी पडली, काजळीचा मात्र ठिपकाही नव्हता. त्यामुळे पंचनाम्यात केवळ ‘गवत जळाले’ असे लिहून भागणार नाही. वन विभागाने पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी करावी आणि चढावरच्या जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) अधिक रुंद काढाव्यात.

– एक वाचक, भोर (जि. पुणे)