बीअरच्या फळ्यावर तारीखही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या क्राफ्ट बीअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर बनवलेली बीअर, देणाऱ्या बारवरचा लेख वाचला. सजावट, गाणी, खाणं सगळं आलं, पण ज्यासाठी माणूस तिथे जातो ती बीअर ताजी होती का, याबद्दल एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

मी ६१ वर्षांची. नोकरी सगळी दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. गेल्या डिसेंबरात अंधेरीला लेकीकडे गेले होते. जावयाला या बीअरची मनापासून आवड. दोन संध्याकाळी मिळून त्याने आम्हा दोघींना लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारापासून वांद्र्यापर्यंत तीन ठिकाणी नेलं.

पहिल्या ठिकाणी मी गव्हाची बीअर घेतली. ग्लास नाकाशी नेला आणि थांबलेच. पिकलेल्या केळ्याचा वास, त्याच्या मागे लवंग. आत ना केळं ना लवंग, हे सगळं यीस्टचं काम. केळ्याला ज्या आयसोअमाइल अ‍ॅसिटेटमुळे वास येतो, तेच द्रव्य हे यीस्ट आंबवताना तयार करतं. आयुष्यभर विरजणं सांभाळलेल्या बाईला याचं केवढं अप्रूप वाटावं! बीअर खाली जात होती तशी काचेवर फेसाची एकेक पांढरी कडी उमटत होती. ही स्वच्छ ग्लासाची खूण. तेलकट ग्लासात फेस धरतच नाही.

दुसऱ्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तिथे लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बीअर, मागवली आणि पहिल्याच घोटाला ताज्या लोण्याचा वास आला. हा वास मी झोपेतही ओळखीन. डायअ‍ॅसिटिल! लोण्याला तो यावा म्हणून आम्ही मुद्दाम खास विरजण लावायचो. लागरमध्ये मात्र तो दोष आहे. एक तर बीअर पुरती तयार व्हायच्या आत उतरवलेली असते, नाहीतर केगपासून, म्हणजे बीअरच्या पिंपापासून, नळापर्यंतच्या पाइपात जिवाणूंनी घर केलेलं असतं. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, हिची चव बटरीच असते." पाइप कधी धुतले? "रोज पुसतो." तो नळाच्या तोटीबद्दल बोलत होता. त्या मुलावर मी रागावले नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पण एका ग्लासाचे साडेचारशे रुपये घेणाऱ्या मालकाला हे माहीत असायला हवं.

डेअरीत दूध गेलेली प्रत्येक पाइपलाइन त्याच दिवशी आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने आणि मग आम्लाने धुतात. नुसत्या पाण्याने स्निग्धांश आणि प्रथिनांचा थर निघत नाही, आणि क्षारांचा थर सोड्याला दाद देत नाही, त्याला आम्लच लागतं. बीअरच्या पाइपांचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस दर दोन आठवड्यांनी सोड्याने आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुण्याची आहे.

हे जमतं, हे मी तिसऱ्या ठिकाणी, वांद्र्यात, पाहिलं. मी एवढे प्रश्न विचारतेय म्हटल्यावर तिथला बीअर बनवणारा तिशीतला मुलगा स्वतःच टेबलाशी आला आणि मला मागच्या थंड खोलीत घेऊन गेला. दाराला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही. प्रत्येक नळाला एक पान. केग कधी लावला, पाइप कधी धुतला, कोणी धुतला, खाली सही. एका पानावर दोन ओळी खोडून शेजारी लिहिलं होतं, "वास आला, ओतून दिली." ते वाचून मला भरून आलं. आमच्या प्रयोगशाळेच्या रजिस्टरात नासलेल्या दुधाची नोंद आम्ही अशीच करायचो.

पुण्याला ही बीअर नवी नाही. डूलाली या ब्रुअरीने २००९ मध्ये सुरुवात इथेच केली, मुंबईत ती नंतर गेली. आज कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर, कुठेही जा, नळामागच्या फळ्यावर खडूने सुंदर नावं लिहिलेली दिसतात. त्याच फळ्यावर प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात, एवढंच माझं मागणं आहे: केग लावल्याची तारीख, पाइप धुतल्याची तारीख आणि अल्कोहोलचं प्रमाण. परतल्यावर मी आपल्याकडच्या चार ठिकाणी गेले. अल्कोहोलचं प्रमाण दोन ठिकाणी होतं, तारीख एकाही ठिकाणी नव्हती.

अल्कोहोलचं प्रमाण बाटलीच्या लेबलवर छापावंच लागतं. नळाच्या ग्लासाला लेबल कुठलं? आणि इथे हिशेब फार बदलतो. साडेचार टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेबावीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांची बीअर तेवढीच घेतली तर चाळीस, म्हणजे व्हिस्कीच्या तीस मिलीच्या तीन पेगांहून थोडं जास्तच. चवीला दोन्ही गोड आणि हलक्या लागू शकतात. माझ्या भाच्याला असाच अंदाज आला नाही. नशीब, त्या रात्री त्याने रिक्षा केली.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला हॉटेलांची ओळख येते. आपल्या प्रतिनिधींनी यापुढे बारमध्ये गेल्यावर या तीन गोष्टी विचाराव्यात आणि मिळालेलं उत्तर छापावं. उत्तर मिळालं नाही, तर तेही छापावं.

आणि पुण्यातल्या कुठल्याही बारच्या मुलांना पाइप धुण्याची रीत समजून घ्यायची असेल, तर मी येऊन दाखवीन. सकाळी अकराच्या आत बोलवावं, म्हणजे दुपारी बार उघडेपर्यंत पाइप नितळलेले असतील. हातमोजे आणि सोडा उरला नाही ना हे तपासायच्या पीएच पट्ट्या मी आणीन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त दुग्धतंत्रज्ञ
सहकारनगर, पुणे